टेक्सासची स्वस्ताई कुणाच्या जिवावर?

कॅलिफोर्नियातला मुलगा नोकरी बदलून डॅलसला जातो आणि वर्षभरात चार बेडरूमच्या घराचे फोटो फॅमिली ग्रुपवर येऊन पडतात. पुढे दोन गाड्यांचं गॅरेज, मागे अंगण. "तिकडे एवढ्या पैशांत धड फ्लॅटसुद्धा आला नसता," असं तो सांगतो. पुण्या-मुंबईच्या इतक्या घरांत हे घडून गेलंय की त्याचं आता कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. पण तिथलं घर स्वस्त का, हा प्रश्न त्या ग्रुपवर सहसा कुणी टाकत नाही.

कुणी विचारलाच, तर उत्तर तयार असतं: जमीन अमाप, परवाने झटपट, राज्याचा आयकर शून्य. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण जमीन आणि परवाना हातात आला म्हणून भिंत उभी राहत नाही. पाया ओतणं, लाकडी सांगाडा उभारणं, छपरावर शिंगल ठोकणं, ड्रायवॉल बसवून सांधे बुजवणं, फरशी, रंग, शेवटी अंगणात हिरवळ अंथरणं, ही कामं टेक्सासमध्ये मुख्यतः हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी नातं असलेली, माणसं करतात. राज्याच्या बांधकाम मजुरांत निम्म्याहून जास्त तीच आहेत.

डॅलसच्या उत्तरेचं फ्रिस्को घ्या. १९९० साली जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव. २०२० च्या जनगणनेत तिथे दोन लाखांवर लोक मोजले गेले. शेजारच्या प्लेनोत २०१७ साली टोयोटाने कॅलिफोर्नियातून हलवलेलं आपलं अमेरिकेतलं मुख्यालय उघडलं. कंपन्या आल्या, मागोमाग इंजिनिअर आले, त्यात आपली मंडळीही भरपूर. तीस वर्षांत तीसपटीहून जास्त वाढलेलं गाव कुणीतरी वीट-वीट, फळी-फळी करून बांधलं असणार. बांधणाऱ्यांपैकी फार थोडे आज तिथे राहतात.

तर या लेखाचा विषय तेच लोक. त्यांना 'स्थलांतरित मजूर' म्हणून मोकळं होता येत नाही, कारण टेक्सासमध्ये हे चित्र त्याहून बरंच गुंतागुंतीचं आहे.

आधी कोण होतं?

अमेरिकेची जनगणना 'हिस्पॅनिक' हा वंश मानत आली नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी कुळाचं नातं सांगणारे सगळे त्यात येतात, मग ते गोरे असोत, काळे असोत की मूलनिवासी. टेक्सासमध्ये यातले बहुसंख्य मेक्सिकन वंशाचे. त्यांच्यामागून एल साल्वादोर, होंडुरास, ग्वाटेमालाचे, आणि अलीकडे व्हेनेझुएलाचेही. सगळ्यांना एका टोपलीत घालण्याची सोय सरकारला आणि जाहिरातवाल्यांना आहे. ह्यूस्टनमधला साल्वादोरचा सुतार आणि सॅन अँटोनियोतली दहाव्या पिढीची वकीलबाई यांच्यात समान काय, तर आडनावाचा शेवट.

दहावी पिढी ही अतिशयोक्ती नाही. सॅन अँटोनियोची स्थापना १७१८ ची, स्पॅनिश मिशनऱ्यांनी आणि सैनिकांनी केलेली. पुढे हा प्रदेश स्वतंत्र मेक्सिकोचा भाग झाला आणि अमेरिकेतून इंग्रजी बोलणारे लोक जमीन मिळवायला इथे येऊ लागले. ते इतक्या संख्येने आले की १८३० साली मेक्सिकोने अमेरिकनांच्या स्थलांतरावर बंदीच घातली. तरीही ते येतच राहिले. म्हणजे टेक्सासच्या इतिहासातले कागदपत्रांविना घुसलेले पहिले लोक कोण, याचं उत्तर आजच्या प्रचारसभांत कुणाला आवडणार नाही. १८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोपासून फुटला, १८४५ मध्ये अमेरिकेत गेला आणि १८४८ च्या तहाने रिओ ग्रांदे नदी ही सीमा पक्की झाली. नदीच्या उत्तरेला जे स्पॅनिशभाषक राहत होते ते जागचे हलले नाहीत. देश बदलला तो त्यांच्या पायाखाली.

त्यानंतरची शंभर वर्षं त्यांना सुखाची गेली नाहीत. जमिनी हातातून गेल्या, मुलांसाठी वेगळ्या 'मेक्सिकन शाळा' निघाल्या, ज्यूरीत त्यांना घेतलं जात नसे. १९३८ साली सॅन अँटोनियोत पिकान हा अक्रोडासारखा सुकामेवा सोलणाऱ्या सुमारे बारा हजार कामगारांनी संप केला. त्यांत बहुतांश बायका होत्या आणि पुढारी होती एमा तेनायुका, वय २१. त्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा आला, तेव्हा मालकांनी यंत्रं बसवली आणि हजारो हात रिकामे झाले. ज्यूरीचा प्रश्न सुटायला १९५४ साल उजाडलं. 'हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेक्सिकन वंशाच्या लोकांना ज्यूरीतून वगळणं घटनाबाह्य ठरवलं.

आता आजचे आकडे. २०१० ते २०२० या दहा वर्षांत टेक्सासची लोकसंख्या सुमारे ४० लाखांनी वाढली. त्यातली जवळपास निम्मी वाढ हिस्पॅनिकांची. त्याच काळात हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांची भर होती फक्त १ लाख ८७ हजार. या वाढीच्या जोरावर राज्याला अमेरिकन संसदेत दोन जादा जागा मिळाल्या. २०२२ च्या सरकारी अंदाजात हिस्पॅनिक हा राज्यातला सर्वांत मोठा गट ठरला, ४० टक्क्यांहून किंचित जास्त. बातम्यांत सीमेवरची गर्दी दिसते म्हणून ही वाढ सीमेवरून आली असं वाटतं. प्रत्यक्षात राज्यातल्या दर दहा हिस्पॅनिकांपैकी साधारण सात जण अमेरिकेतच जन्मलेले आहेत. वाढ आली ती प्रसूतिगृहांतून.

स्वस्ताई घडते कशी

मोठा बिल्डर स्वतः मजूर ठेवत नाही. तो सांगाड्याचं काम एका ठेकेदाराला देतो, तो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. साखळीच्या शेवटी एक पिकअप ट्रक असतो, त्याचा मालक म्हणजे टोळीचा म्होरक्या, आणि मागे त्याचे भाऊ, मेहुणे, गावकरी. पैसे बऱ्याचदा तासांवर नाहीत, चौरस फुटावर. कागदोपत्री यांतला प्रत्येक जण 'स्वतंत्र ठेकेदार'. म्हणजे ओव्हरटाइम नाही, विमा नाही, पगारी सुट्टी नाही. टोळीला याचा एक फायदाही आहे: इंग्रजी येत नसलं तरी काम मिळतं आणि हुशार माणूस पाच-सात वर्षांत स्वतःचा ट्रक घेऊन म्होरक्या होतो. टेक्सासमधले कितीतरी छोटे हिस्पॅनिक उद्योग असेच उभे राहिले आहेत. ही साखळी नुसत्या शोषणाची नाही, पण तिच्यातली जोखीम नेहमी तळाशी जाते.

जोखीम किती? कामावर जखमी झालेल्याला भरपाई देणारा विमा काढायचा की नाही, हे खाजगी मालकाच्या मर्जीवर सोडणारं टेक्सास हे अमेरिकेतलं एकमेव राज्य आहे. उन्हाळ्यात डॅलसचा पारा चाळिशी गाठतो. ऑस्टिन आणि डॅलस या शहरांनी आपापल्या हद्दीत नियम केला होता की बांधकाम मजुराला दर चार तासांनी दहा मिनिटं पाणी प्यायला, सावलीत बसायला मिळालीच पाहिजेत. २०२३ साली राज्य सरकारने असे स्थानिक नियम मोडीत काढणारा कायदा केला. दहा मिनिटांनी घराची किंमत कितीशी वाढली असती, हा हिशोब मला अजून कुणी दाखवलेला नाही.

२०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टन बुडालं, तेव्हा भिजलेल्या भिंती फोडून घरं पुन्हा उभी करायला याच टोळ्या धावल्या. हार्डवेअरच्या दुकानांबाहेर सकाळी कामाची वाट बघत उभे राहणारे मजूर टेक्सासच्या प्रत्येक मोठ्या शहरात दिसतात, आणि त्या दिवसांत त्यांना मागणी होती.

कर कोण भरतं?

"हे लोक कर भरत नाहीत" हे वाक्य आपल्या पार्ट्यांतही ऐकू येतं. टेक्सासच्या बाबतीत ते विशेष चुकीचं आहे. राज्याचा आयकर नाही, म्हणजे राज्य सरकार चालतं मुख्यतः विक्रीकरावर आणि स्थानिक संस्था मालमत्ता करावर. मोठ्या शहरांत विक्रीकर सव्वाआठ टक्के. किराणा सोडला तर बूट, टीव्ही, गाडीचे टायर, हॉटेलातलं जेवण, सगळ्यावर कर लागतो, आणि दुकानदार व्हिसा विचारत नाही. मालमत्ता कर अमेरिकेतल्या चढ्या दरांपैकी आहे आणि घरमालक तो भाड्यातून वसूल करतो. शिवाय खोट्या सोशल सिक्युरिटी नंबरावर काम करणाऱ्याच्या पगारातून केंद्राच्या पेन्शन निधीसाठी पैसे कापले जातात. ते पेन्शन त्याला कधीच मिळणार नसतं.

मग खर्च? शाळा, दवाखाने, पोलीस यांवर खर्च होतोच. २००६ साली राज्याच्या तेव्हाच्या कंट्रोलर, म्हणजे मुख्य हिशेबनीस, कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न यांनी राहण्याची कागदपत्रं नसलेल्या लोकांचा जमाखर्च मांडला होता. त्या लोकांकडून राज्याच्या तिजोरीत १.५८ अब्ज डॉलर आले होते आणि राज्याने त्यांच्यावर १.१६ अब्ज खर्च केले होते. ते सगळे निघून गेले असते तर राज्याचं उत्पादन १७.७ अब्ज डॉलरनी घटलं असतं. पण त्याच अहवालात दुसरी बाजूही होती: रुग्णालयांचा आणि तुरुंगांचा १.४४ अब्जांचा भार स्थानिक संस्थांवर पडला होता, आणि त्यांना या लोकांकडून मिळाले होते जेमतेम ५१ कोटी डॉलर. फायदा राजधानी ऑस्टिनला, बिल काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला. दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीचा अर्धा अहवाल वाचून भांडतात.

रिकाम्या इमारती, बंद दुकानं

ह्यूस्टनच्या मराठी माणसाला हिलक्रॉफ्ट रस्ता सांगावा लागत नाही. साड्या, सोनं, मिठाई, चाट, सगळं तिथे. २०१० पासून त्या भागाला 'महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट' असं नावही आहे. त्याला लागून गल्फटन नावाची दाट वस्ती आहे, तिची कथा ऐकण्यासारखी आहे. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले, देशभरातून तरुण नोकरीला येऊ लागले, आणि गल्फटनमध्ये अविवाहितांसाठी पोहण्याचे तलाव असलेल्या चाळवजा अपार्टमेंटच्या रांगा उभ्या राहिल्या. ऐंशीच्या दशकात तेल कोसळलं, तरुण निघून गेले आणि हजारो घरं ओस पडली. त्याच वेळी एल साल्वादोर आणि ग्वाटेमालात यादवी चालू होती, तिथून लोक पळून येत होते. मालकांनी भाडी उतरवली आणि स्पॅनिशमध्ये पाट्या लावल्या. गल्फटन भरलं. आज हिलक्रॉफ्टवर जिलबी घेऊन दोन चौक पुढे गेलात तर पुपुसा मिळतो: मक्याच्या पिठाची जाड भाकरी, आत चीज किंवा शिजवलेल्या घेवड्याचं सारण.

ह्यूस्टनमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या 'फिएस्टा' या बाजारसाखळीने हिस्पॅनिक गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून माल भरायला सुरुवात केली. आपल्या लोकांची त्यात आपसूक सोय झाली. कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, चिंच, पेरू, पपई, कच्ची केळी. अर्थात मिरची, पेरू आणि पपई मूळ तिकडचीच. मिरची तर पोर्तुगीजांनी गोव्यात उतरवली म्हणून आपल्या ठेच्यात आली.

डॅलसच्या ओक क्लिफमधल्या जेफरसन बुलेव्हार्डचं असंच झालं. साठ-सत्तरच्या दशकांत गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, दुकानं ओस पडू लागली, आणि रस्त्यावर जीव परत आणला तो मेक्सिकन दुकानदारांनी. तिथलं सर्वांत नजरेत भरणारं दृश्य म्हणजे काचेमागचे घेरदार, चमचमते झगे. ते किन्सेन्येरासाठी, म्हणजे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यासाठी. चर्चमधली प्रार्थना, हॉल, बँड, जेवण, मैत्रिणींचा आणि मुलांचा सजलेला ताफा. खर्च लग्नाच्या तोडीचा. तो एकटा बाप उचलत नाही. केक एका काकांकडे, झगा मावशीकडे, बँड बापाच्या मुकादमाकडे, अशी वाटणी होते आणि या सगळ्यांना 'पाद्रिनो' म्हणतात. आपल्याकडे मुहूर्ताची पिवळी साडी मामाने घ्यायची, तसंच हे मानाचं ओझं. शिंपी, फोटोवाले, फुलवाले, हॉलवाले यांची घरं त्यावर चालतात.

लारेडोचा पूल

टेक्सासच्या अर्थकारणाचा दुसरा खांब सीमेवर आहे. लारेडो हे अडीच लाख वस्तीचं शहर, त्यातले ९५ टक्के हिस्पॅनिक. २०२३ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात सुमारे ८०० अब्ज डॉलरच्या मालाची देवाणघेवाण झाली आणि मेक्सिको अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा व्यापारी भागीदार ठरला. त्यातला एक तृतीयांशाहून जास्त माल एकट्या लारेडोतून गेला.

तो जातो कसा, हे मजेशीर आहे. मेक्सिकोतल्या मॉन्तेरेहून निघालेला ट्रक सहसा सरळ डॅलसला जात नाही. नदीच्या मेक्सिकन काठावर नुएव्हो लारेडोत त्याचा ट्रेलर सोडवला जातो. दुसरं, फक्त पूल ओलांडण्यापुरतं इंजिन येऊन तो ट्रेलर ओढत पलीकडे नेतं. पलीकडे अमेरिकन ट्रक तो उचलतो. मधे दोन्ही देशांचे कस्टम दलाल कागद जुळवतात. गाडीचा एकच भाग अर्धवट तयार होऊन या सीमेवर अनेकदा जा-ये करतो, त्यामुळे कागदातली एक चूक कारखान्याची लाइन थांबवू शकते. दोन भाषा, दोन कायदे आणि दोन्ही बाजूंच्या माणसांची नस ठाऊक असलेल्या लोकांवर हा व्यवहार चालतो. लारेडोत दलालीचा हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालवणारी घराणी आहेत. १९९४ च्या 'नाफ्टा' या मुक्त व्यापार करारानंतर त्यांचं भाग्य फळफळलं.

पैसाही नदी ओलांडतो, आणि नेहमी दक्षिणेकडेच जातो असं नाही. मॉन्तेरेच्या श्रीमंत कुटुंबांनी, विशेषतः २०१० च्या आसपास तिथे टोळीयुद्ध पेटल्यावर, सॅन अँटोनियोत बंगले घेतले, धंदे काढले, मुलं तिथल्या शाळांत घातली. सोंतेरा नावाच्या तिथल्या उच्चभ्रू वस्तीला लोक गमतीने 'सोंतेरे' म्हणू लागले.

पाककृती त्यांची, गल्ला दुसऱ्याचा

संस्कृतीबद्दल बोलताना सगळे टाकोपासून सुरू करतात. मला त्यात जास्त रस नाही, पैसा कुणाकडे गेला यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सॅन अँटोनियोच्या चौकांत मेक्सिकन बायका संध्याकाळी चुली मांडून तिखट मांसाचा रस्सा विकत. 'चिली क्वीन्स' म्हणून पर्यटकांत त्या प्रसिद्ध होत्या. नंतर नगरपालिकेने स्वच्छतेचं कारण देऊन त्यांना उठवलं. त्या चवीची पावडर बाटलीत भरून विकली ती गेबहार्ट या जर्मन गृहस्थाने. १९३२ साली त्याच शहरात एका मेक्सिकन माणसाने मक्याच्या तळलेल्या चिप्सची कृती आणि यंत्र १०० डॉलरला विकलं. घेणाऱ्याने त्यातून 'फ्रिटोज' उभं केलं.

हे पालटायला सत्तरचं दशक लागलं. १९७१ मध्ये डॅलसच्या मारियानो मार्तिनेझने सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून बर्फाळ मार्गारिटा बनवली. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या निन्फा लॉरेन्झो या विधवेने बंद पडत चाललेल्या टॉर्टिया कारखान्याच्या दर्शनी भागात दहा टेबलं मांडली. तिच्या फाहितांसाठी शहर रांगेत उभं राहू लागलं.

संगीतात देवघेव उलटीही झाली. टेक्सासमधल्या जर्मन आणि चेक शेतकऱ्यांचं अ‍ॅकॉर्डियन आणि त्यांचा पोल्का ताल मेक्सिकन वादकांनी उचलला, त्याला बाजो सेक्स्तो या बारा तारांच्या गिटारची जोड दिली, आणि 'कोन्हुन्तो' जन्माला आलं. त्याच मातीतली गायिका सेलेना. फेब्रुवारी १९९५ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये तिला ऐकायला साठ हजारांवर लोक आले. पाच आठवड्यांतच, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी तिची हत्या झाली. तिच्यावरचा विशेषांक इतका खपला की 'पीपल' साप्ताहिकाने पुढच्या वर्षी स्पॅनिश आवृत्तीच काढली. ते गिऱ्हाईक तिथे होतंच. रिओ ग्रांदेच्या काठापासून सॅन अँटोनियोपर्यंत स्पॅनिश रेडिओ कित्येक दशकं वाजत होता. न्यूयॉर्कच्या संपादकांना ते कळायला एक मृत्यू लागला.

राजकारणाबद्दल एवढंच सांगतो, की गृहीत धरू नका. सीमेवरच्या स्टार काउंटीत जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक. १८९२ नंतर तिथे अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार जिंकला नव्हता. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. महागाई, तेलविहिरींवरच्या नोकऱ्या, चर्च, अशी कारणं आहेत, आणि आणखी एक: त्या गरीब पट्ट्यात सीमेवर गस्त घालणाऱ्या 'बॉर्डर पेट्रोल' दलातली नोकरी ही पक्क्या पगाराची नोकरी आहे. त्या दलातले सुमारे निम्मे जवान हिस्पॅनिकच आहेत.

वर्गात कोण बसलंय

पुढच्या वीस वर्षांचं टेक्सास बघायचं असेल तर शाळा बघाव्यात. सरकारी शाळांतली निम्म्याहून जास्त मुलं हिस्पॅनिक आहेत. त्यांतल्या काहींकडे कागद नाहीत. १९७५ साली राज्याने कायदा केला की अशा मुलांच्या शिक्षणाला पैसे देणार नाही, आणि टायलर गावच्या शाळांनी त्यांच्याकडून वर्षाला हजार डॉलर मागायला सुरुवात केली. पालक कोर्टात गेले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: मुलाला शाळेचं दार बंद करता येणार नाही. हा निकाल अमेरिकाभर लागू आहे.

२००१ मध्ये टेक्सासने स्वतःहून एक पाऊल पुढे टाकलं. राज्यात शिकून शाळा पूर्ण केलेल्या अशा मुलांना कॉलेजात स्थानिक विद्यार्थ्यांच्याच दराने फी, असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्यावर सही करणारे गव्हर्नर रिक पेरी रिपब्लिकन होते. हिशोब साधा होता: शिकवलेलं माणूस राज्यातच कामाला लागावं. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने या कायद्याविरुद्ध दावा लावला आणि राज्याने त्याच दिवशी माघार घेतली. बालवाडीपासून टेक्सासमध्ये शिकलेल्या त्या मुलांकडे ऑस्टिनच्या विद्यापीठात आता परराज्यातल्या विद्यार्थ्याची फी मागितली जाते, म्हणजे तिपटीहून जास्त. बारावीपर्यंतचा त्यांचा खर्च राज्य केव्हाच करून बसलेलं आहे.